जी भिंत तापते तीच भिजते: पोकळीत इन्सुलेशन भरण्याआधी काय तपासाल

तक्रार दोन टप्प्यांत येते. पहिली मार्च-एप्रिलमध्ये: "पश्चिमेच्या खोलीत रात्री अकरापर्यंत झोपवत नाही, भिंतीला हात लावला तर चटका बसतो, काहीतरी भरून द्या." दुसरी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्याच घरातून, त्याच भिंतीबद्दल: "भरून घेतलं, उन्हाळा बरा गेला, पण आता भिंतीला ओल आलीय. रंगाचे पोपडे पडायलेत, कपाटामागं बुरशी." मधल्या काळात पैसे देऊन झालेले असतात, भोकं बुजवून रंग मारलेला असतो आणि भरणारा माणूस फोन उचलत नसतो.

यात योगायोग काही नाही. मराठवाड्यात उन्हाळ्यात दुपारचं कडक ऊन पश्चिमेच्या भिंतीवर पडतं आणि जून ते सप्टेंबरचा पाऊसही वाऱ्यासोबत पश्चिम-नैर्ऋत्येकडूनच झोडपतो. म्हणजे जी भिंत भरून घ्यायची तुम्हाला सर्वांत जास्त घाई असते, तीच घरातली सर्वांत जास्त भिजणारी भिंत असते. पोकळीची भिंत, म्हणजे विटांच्या दोन भिंती आणि मधे रिकामी जागा, मुळात पावसासाठीच निघाली. ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकांत ती सर्रास बांधली जाऊ लागली. बाहेरची वीट भिजली तरी पाणी तिच्या आतल्या अंगाने खाली ओघळावं, आतल्या विटेपर्यंत पोचू नये, हा हेतू. थंडी अडवण्यासाठी त्या पोकळीत काही भरणं हे तिथंही नंतर आलं. भिजक्या भागातल्या घरांत भराव घातल्यावर आत ओल आल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की घातलेला भराव काढून देण्याचा वेगळा धंदाच तिथं उभा राहिला. आपल्याकडे पाऊस त्यामानाने कमी, पण चार महिन्यांत एकवटलेला, आणि बांधकामातली हयगय त्यांच्यापेक्षा कमी नाही.

म्हणून पहिली गोष्ट वेळेची. भिंत भरणारे उन्हाळ्यात फिरतात, कारण गिऱ्हाईक तेव्हाच तापलेलं असतं. एप्रिलमध्ये मराठवाड्यातली कुठलीही भिंत कोरडी खडखडीत दिसते, गळकीसुद्धा. भिंत तपासायची ती भाद्रपदात, दोन-तीन दिवसांची झड लागून गेल्यावर. काम करायचं ते दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर. जो ठेकेदार एप्रिलमध्ये भिंतीवर नुसती नजर फिरवून "काही प्रॉब्लेम नाही" म्हणतो, त्याला सप्टेंबरात परत बोलवा. आला तर पुढचं बोलता येईल.

आधी पोकळी आहे का ते बघा

लातूर, नांदेड, संभाजीनगर, जालना, कुठेही गेल्या तीस-चाळीस वर्षांत कॉलम-बीमवर उभ्या राहिलेल्या घरांच्या भिंती बहुतेक भरीव असतात. नऊ इंची वीट, नाहीतर सहा इंची ब्लॉक. पोकळी नसतेच. तरीही "भिंतीत फोम भरून देतो" म्हणणारे भेटतात. ते काय करतात ते विचारा. भरीव भिंतीत भोकं पाडून आत भरायला जागाच नसते.

ओळखायची सोपी रीत म्हणजे खिडकीपाशी भिंतीची जाडी मोजणं. नऊ इंची भिंत दोन्हीकडच्या गिलाव्यासकट साधारण दहा ते साडेदहा इंच भरते. आपल्याकडच्या भट्ट्यांच्या विटा बऱ्याचदा मापाला थोड्या कमी असतात, तेव्हा अर्धा इंच इकडेतिकडे चालेल. चार इंची वीट (खरं माप साडेचार इंच), दोन इंच पोकळी, पुन्हा तशीच वीट अशी भिंत गिलाव्यासह बारा-साडेबाराला जाते. पंधराच्या आसपास असेल तर दीड विटेची भरीव भिंत किंवा दगड समजा.

खात्री भोक पाडूनच होते. खिडकी-दाराच्या कडेला पोकळी विटेने बंद केलेली असते, त्यामुळे चौकटीपासून दीडएक फूट लांब, बाहेरून, दहा मिलिमीटरच्या लांब बिटाने ड्रिल करा. भुकटीकडे लक्ष ठेवा. आधी गिलाव्याची राखाडी, मग विटेची लाल. पाच-साडेपाच इंचांवर हाताला एकदम सैल लागलं, बिट पुढे पळालं, तर पोकळी आहे. लाल भुकटी आठ-नऊ इंचांपर्यंत येतच राहिली तर भिंत भरीव आहे. आणि राखाडी भुकटी, बिट तापलेलं, आत सरकायला तयार नाही, असं झालं तर तिथे काँक्रीटचा कॉलम आहे. थांबा. सळईला भोक पाडून काही मिळणार नाही.

पोकळी लागली की जाड जीआय तारेचं टोक पाव इंच काटकोनात वाकवा आणि आत घाला. समोरच्या विटेला टेकली की तारेवर भिंतीच्या पृष्ठापाशी खूण करा. मग तार फिरवून मागे ओढा, आकडा बाहेरच्या विटेच्या पाठीला अडकेल, तिथे दुसरी खूण. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पोकळीची रुंदी. दोन इंच, म्हणजे 50 मिलिमीटर, याच्या खाली असेल तर भरण्याचा नाद सोडा. सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे गोळे आत लोंबलेले असतात, भराव त्यांच्यापाशी अडतो, खालचा भाग रिकामा राहतो. हीच तार डावी-उजवीकडे फिरवली तर गोळे हाताला कळतात. मोबाइलला जोडायचा नळीसारखा छोटा कॅमेरा मिळतो, तो भोकातून घातला तर नुसतं कळत नाही, दिसतं. एकाच भोकावर निकाल देऊ नका. भिंतीच्या खाली, मधे आणि वर, तीन ठिकाणी तरी बघा.

एक वेगळा प्रकार म्हणजे विटा उभ्या कडेवर लावून मधे पोकळी सोडणारी रॅट ट्रॅप बांधणी. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती रुजवली. नेहमीच्या नऊ इंची भिंतीपेक्षा यात साधारण एक चतुर्थांश विटा वाचतात, म्हणून आपल्याकडेही हौशी मंडळींनी कुठे कुठे बांधलीय. या भिंतीत आरपार जाणाऱ्या आडव्या विटा जागोजागी असतात. भराव त्यांना वळसे घालून सगळीकडे सारखा पोचत नाही, आणि ऊनही त्या विटांतून आत येतच राहतं. माझं मत विचाराल तर ही भिंत आहे तशी ठेवावी. रिकामी पोकळीही काही काम करते.

किती करते, हे आकड्यात बघितलेलं बरं. भिंतीतून उष्णता किती सहज जाते ते मोजणारं यू-मूल्य नऊ इंची भरीव विटेच्या भिंतीला साधारण 2 च्या आसपास येतं. आकडा जितका कमी तितकी भिंत चांगली. दोन इंच रिकामी, बंद पोकळी असली की ते 1.4 च्या आसपास उतरतं. त्याच पोकळीत थर्माकोलचे दाणे नीट भरले तर 0.5-0.6. फायदा खराच आहे, त्यावर वाद नाही. पण हे सगळे आकडे कोरड्या भिंतीचे. ओल्या विटेतून उष्णता कोरडीपेक्षा जोरात जाते, म्हणजे भिजलेल्या भिंतीवर खर्च करून तुम्ही ओल आणि ऊन दोन्ही घरात घेता.

ओल कुठली आहे ते ठरवा

इथे घाई करू नका. "भिंतीला ओल आहे" एवढ्यावर काही ठरत नाही. ओल कधी वाढते, हे घरातल्या माणसांना विचारा. घरमालकापेक्षा घरातल्या बायकांना हे जास्त नेमकं माहीत असतं, कारण कपाट त्या हलवतात.

पाऊस पडल्यावर एक-दोन दिवसांत डाग वाढतो आणि उघडीप मिळाली की फिकट होतो? पाणी बाहेरून येतंय. खिडकीचे कोपरे, छज्जा भिंतीला मिळतो ती रेघ, पॅरापेटचा (गच्चीच्या कठड्याचा) माथा आणि स्लॅबच्या पाणी जाण्याच्या पाइपाचं तोंड, या चार जागा आधी बघा. खिडकीवरच्या छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसेल तर पाणी छज्ज्याच्या पोटाखालून सरळ भिंतीवर येतं. ही खाच गवंडी हमखास विसरतात.

पावसाशी संबंध नाही, पण चार-पाच दिवसांआड डाग गडद होतो? मग नळाचा दिवस कुठला ते विचारा. आपल्या अनेक शहरांत पाणी रोज येत नाही. आलं की मोटार लावून सगळे झोपतात आणि गच्चीवरची टाकी तासभर ओसंडून वाहते. ओसंडणाऱ्या पाण्याचा पाइप अनेकदा भिंतीपाशीच सोडलेला असतो. अशा घरात मी भिंतीचं वॉटरप्रूफिंग तीनदा झालेलं बघितलंय. लागत होता टाकी भरली की पाणी आपोआप थांबवणारा एक फ्लोट व्हॉल्व्ह.

मे महिन्यात खिडकीखाली ओल? कूलर. खिडकीत बाहेरून बसवलेल्या कूलरच्या टाकीतून आणि गवताच्या पॅडमधून पाणी ठिबकत राहतं, चार महिने, बरोबर त्याच पश्चिमेच्या भिंतीवर. हे इतकं डोळ्यांसमोर असतं की कोणी ते धरतच नाही.

बारा महिने ओल, जमिनीपासून सुरू होऊन साधारण तीन-साडेतीन फुटांपर्यंत, वरची कड वाकडीतिकडी, आणि तिथे पांढरी भुकटी? ही जमिनीतून चढलेली ओल. जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे जमिनीतली ओल अडवणारा, थर नाही, किंवा आहे पण बाहेरचं अंगण, फरशी, बागेची माती त्याच्याही वर चढवलीय. पांढरी भुकटी म्हणजे क्षार. मराठवाड्यात बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी खारं, आणि बांधकामही त्याच पाण्यात झालेलं. भुकटी बोटाने पुसली की जाते, पुढच्या महिन्यात परत येते, आणि दर खेपेला गिलावा थोडा भुसभुशीत करून जाते. अशी भिंत भरायचीच नाही. आधी बाहेरची माती डीपीसीच्या वीतभर खाली आणा, गिलावा खरवडा, एक-दोन पावसाळे बघा.

ओल भिंतीतून येतेय की खोलीतल्या वाफेची आहे, हे ओळखायला दीड-दोन फुटांचा प्लॅस्टिकचा जाड कागद भिंतीला चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस तसाच ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. खोलीकडच्या बाजूला दिसले तर ती खोलीतल्या दमट हवेची: बंद खोलीत वाळत घातलेले कपडे, न्हाणीघराची वाफ, कूलर.

आणि सर्वांत उपयोगी, सर्वांत कंटाळवाणी परीक्षा: होज पाइप. झड नसताना बाहेरून भिंतीवर पाणी सोडा. आधी खालचा टप्पा अर्धा तास, मग खिडकीखालचा, मग वरचा, शेवटी पॅरापेट. आत एक माणूस टॉर्च घेऊन उभा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कुठून शिरलं ते कळत नाही, म्हणून खालून वर. ठेकेदार हे स्वतःहून करणार नाही, तुम्हालाच करायचंय.

परभणीतल्या एका घराचं उदाहरण सांगतो. शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या गृहस्थांचं घर, खरीखुरी पोकळीची भिंत. बांधताना कोणा इंजिनिअर नातेवाइकाने आग्रह धरला होता म्हणे. उन्हाळ्यात थर्माकोलचे दाणे भरले. श्रावणात आतून कमरेच्या उंचीला डाग आले. मिस्त्री डोक्याला हात लावून बसलेला: "पाणी कुठून यायलंय तेच कळंना साहेब, भिंत तर ठणठणीत होती." बाहेरून तळाच्या दोन विटा काढल्या. दाणे भसाभसा बाहेर आले, मुठीत घेतले तर कोरडे. थर्माकोल पाणी फारसं पीत नाही. पण दाण्यांमधे बांधकामाच्या वेळी पडलेले मसाल्याचे गोळे होते, दाबले की बोटाला ओल लागणारे. वीतभर थर साचला होता, डीपीसीच्या वरपर्यंत. वर बघितलं तर पॅरापेटच्या माथ्यावर लांबच लांब केसासारखी फट. पावसाचं पाणी तिथून पोकळीत उतरत होतं, आणि ते वर्षानुवर्षं उतरत असणार. भराव नव्हता तोवर ते मोकळं खाली पडून तळाच्या भोकांतून निघून जायचं. ती भोकं नंतरच्या रंगकामात सिमेंटने बुजवली गेली होती, "मुंग्या येतात म्हणून". दाणे आले, भोकं बंद, गोळे आहेतच. पाण्याने आतल्या विटेचा रस्ता धरला.

यातली एकही गोष्ट एप्रिलमध्ये दिसत नव्हती. पण पॅरापेटची फट शिडी लावून बघता आली असती, तळाची भोकं शोधता आली असती, आणि तळाला एक वीट काढून आत काय साचलंय ते भरण्याआधीच बघता आलं असतं. म्हणून पोकळीच्या भिंतीला माझी अट एकच: भरायच्या आधी तळाची एक वीट काढून दाखवा. नाही म्हणाला तर काम देऊ नका.

काळी माती आणि भेगा

पाऊस पडला की काळी माती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. शेतात पडलेल्या भेगेत हात जातो, आणि त्याच मातीवर आपण घर बांधतो. पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर भिंत दर वर्षी थोडी हलते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चढणारी भेग, जी मे महिन्यात रुंद आणि ऑगस्टमध्ये जवळजवळ मिटलेली असते, ती मातीची. गिलाव्याला जाळीसारख्या पडलेल्या बारीक रेषा वेगळ्या, त्या फक्त गिलाव्यापुरत्या.

तिरकी भेग असेल तर भेगेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि बाजूला तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलतेय. एक उन्हाळा आणि एक पावसाळा काच शाबूत राहिली तर पुढचा विचार करा. हलत्या भिंतीत भराव घालण्यात दुहेरी नुकसान आहे. भेगेतून पाणी भरावात जातं, आणि पायाची दुरुस्ती करायची वेळ आली की तो भराव मधे येतो. फसफसून फुगणारा पीयू फोम तर कमकुवत मसाल्याच्या चार इंची भिंतीला बाहेर ढकलतो. भिंतीला पोट आलंय का हे ओळंबा सोडून आधीच बघा.

दगडी भिंतीत काहीही भरू नका

माळवदाच्या जुन्या घरांचे मालक विचारतात: भिंत दोन-अडीच फूट जाड, मधे पोकळ लागते, त्यात काही भरता येईल का? ती पोकळी नव्हे. दगडाच्या दोन तोंडी भिंती आणि मधे माती-चिपांची भर, ती कालांतराने खाली बसते आणि वर रिकामं लागतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत हजारो माणसं गेली, ती बहुतांशी अशाच भिंती आणि त्यांच्या डोक्यावरचं मातीचं ओझं अंगावर येऊन. दोन्ही तोंडं एकमेकांना बांधणारे आरपार दगड भिंतीत नव्हते, त्यामुळे हादऱ्यात एक तोंड आत आणि एक बाहेर फाकलं. नंतरच्या मजबुतीकरणात भिंतीला आरपार भोक पाडून, आकडे वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरण्याची पद्धत वापरली गेली. अशा घरावर खर्च करायचा असेल तर तो या बांधणीवर करा. फोम दगडाला दगड जोडत नाही. आणि खरं सांगायचं तर या भिंतींना इन्सुलेशनची गरजही नाही. दुपारचं ऊन त्या जाडीतून आत पोचेपर्यंत रात्र उलटते.

वायरिंग, हवा आणि वाळवी

रॅट ट्रॅप किंवा पोकळीच्या भिंतीत वायर बऱ्याचदा पोकळीतूनच ओढलेली असते, कधी पाइपाशिवाय. थर्माकोलला चिकटून राहिलेल्या पीव्हीसी वायरचं आवरण काळाने कडक होऊन तडकतं. शिवाय भरावात गुरफटलेल्या वायरला थंड व्हायला वाव राहत नाही. चहूबाजूंनी वेढलेल्या वायरची विजेची क्षमता निम्म्यावर येते असं धरून चालावं. एसी आणि गिझरच्या वायरी त्या भिंतीत असतील तर आधी इलेक्ट्रिशियनकडून त्या बाहेर काढून घ्या.

गॅस गिझर असलेल्या न्हाणीघराचा झरोका, स्वयंपाकघराची जाळी, यातलं काहीही भरावाने बुजता कामा नये. गॅस गिझरच्या बंद न्हाणीघरात कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावतात. त्याला ना रंग, ना वास.

वाळवी थर्माकोल खात नाही, पण त्यात वाटा करते, आणि त्या वाटा तुम्हाला दिसत नाहीत. लाकडी चौकटी थेट पोकळीशी लागलेल्या असतील तर आधी वाळवीची फवारणी. उंदीर-घुशींसाठी तळाच्या भोकांना बारीक जाळी. भोकं बंद नाही करायची, जाळी लावायची.

आणि मुळात ही भिंत भरायला हवी का?

एकमजली घरात, किंवा वरच्या मजल्यावर, उन्हाळ्याच्या उष्णतेचा सर्वांत मोठा वाटा डोक्यावरच्या स्लॅबमधून येतो. मेमधल्या दुपारी काळपट गच्चीचा पृष्ठभाग 60 अंशांच्या पुढे जातो. चटका भिंतीला लागतो म्हणून दोष भिंतीला मिळतो, पण हात स्लॅबपर्यंत पोचत नाही एवढंच. शिडीवर चढून रात्री नऊला छताला हात लावा. भिंतीपेक्षा गरम लागलं तर पैसे आधी गच्चीवर: भेगा बुजवून कोबा नीट करा, वर पांढरा चुना किंवा ऊन परतवणारा रंग द्या. चुना दरवर्षी द्यावा लागतो, पण पश्चिमेच्या भिंतीत फोम भरण्याच्या खर्चात बरीच वर्षं पुरतो. तापमान मोजायला बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतलात तर उत्तम. कोविडमध्ये सोसायट्यांनी घेतलेले कपाळाचे चालत नाहीत, ते माणसाच्या तापापलीकडचं दाखवत नाहीत.

दक्षिणेची भिंत तर उन्हाळ्यासाठी भरायचं कारणच नाही. मेच्या मध्यावर मराठवाड्यात दुपारी सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो, दक्षिणेच्या भिंतीवर ऊन तिरपं आणि थोडंच पडतं. हिवाळ्यात मात्र त्याच भिंतीला छान ऊन मिळतं, ते अडवायचं कशाला? ठेकेदार चौरस फुटावर पैसे घेतो, त्यामुळे चारही भिंती सुचवणारच.

खोलीत कूलर असेल तर हिशेब आणखी बदलतो. कूलर चालायचा तर समोरची खिडकी उघडी ठेवावीच लागते, हवा सतत बदलत राहते, भिंत भरल्याचा फायदा त्यात बराच वाहून जातो. एसीच्या बंद खोलीला तो पुरेपूर मिळतो. आणि भरलेल्या भिंतींचं घर रात्री उघडलं नाही तर दिवसभराची आतली उष्णता आतच राहते, हेही लक्षात असू द्या.

पश्चिमेला सावली करता येत असेल तर ती भरावापेक्षा स्वस्त आणि बिनधोक. रुंद छज्जा, बांबूचे चिक, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून जाळीवर चढवलेला वेल. ऊन भिंतीला लागूच दिलं नाही तर आत काय भरायचं हा प्रश्न उरत नाही. जागा नसलेल्या शहरी प्लॉटवर हे जमत नाही, हे मान्य.

इतकं करूनही भरायचं ठरलं, तर कशाने भरतोय ते लेखी घ्या. थर्माकोलसाठी आयएस 4671, खनिज लोकरीसाठी (रॉकवूल) आयएस 8183 हे भारतीय मानक आहे. मालाची घनता आणि आग न पकडण्याचा दर्जा कागदावर हवा. पॅकिंगच्या थर्माकोलचा चुरा पोत्यात भरून आणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तो पेटतो आणि धूर विषारी असतो. दाणे निवडले तर ते चिकटद्रव्यासह भरलेले हवेत, नुसते नकोत, कारण पुढे भिंतीला प्लगचं भोक पाडलं तरी ते गळत राहतात. पीयू फोम शेवटचा पर्याय ठेवा. एकदा घट्ट झाला की भिंत फोडल्याशिवाय निघत नाही. बिलातली पंचवीस टक्के रक्कम पावसाळा संपल्यावर देण्याची अट घाला.

आधीच भरून झालंय आणि ओल आलीय?

आतून वॉटरप्रूफ पुट्टी, टाइल्स, गिलाव्यात केमिकल, यातलं काही लगेच करू नका. पाणी येणं थांबलेलं नसताना आतली बाजू बंद केली तर ओल वर किंवा शेजारच्या खोलीत सरकते. आधी वर सांगितल्याप्रमाणे ओल कधी वाढते ते टिपून ठेवा, मग होज पाइपने जागा शोधा, मग पॅरापेट, छज्जा, पाइप यांची बाहेरून दुरुस्ती करा. बुजवलेली तळाची भोकं उघडा. नसतील तर तळाच्या थरात दर तीनेक फुटांवर पाडून घ्या. डागाखालच्या जागी बाहेरून दोन विटा काढून साचलेले गोळे हाताने, सळईने ओढून काढा. बहुतेक घरांत एवढ्यावर काम होतं, भराव काढावा लागत नाही.

तरीही पुढच्या पावसात डाग त्याच जागी परत आला तर त्या पट्ट्यापुरता भराव काढावा लागेल. सुटे दाणे मोठ्या व्हॅक्यूमने तळाच्या भोकांतून खेचून निघतात. भिजलेली खनिज लोकर खाली बसून गच्च होते, तिला जास्त विटा काढाव्या लागतात. पीयू फोम असेल तर बाहेरच्या विटेची त्या पट्ट्यातली भिंत उतरवून पुन्हा बांधणं हाच मार्ग, आणि तो खर्चही कोणी देणार आहे का हे कराराच्या कागदावर बघा.

पाणी थांबल्यावर भिंत वाळायला दर इंच जाडीला साधारण महिना धरा. नऊ इंच वीट म्हणजे नऊ महिने: दिवाळीत दुरुस्ती केली तर रंगाला पुढचा जुलै-ऑगस्ट उजाडतो. तोवर पोपडे खरवडून भिंत उघडीच ठेवा, कपाट वीतभर पुढे ओढून ठेवा, आणि पाहुणे येणार म्हणून मधेच डिस्टेंपरचा हात मारू नका.